मुसाक्याची पसंती

कोरेगाव पार्कातल्या ग्रीक खानावळीत गिऱ्हाईक जेवण पसंत करत नाही, जेवण गिऱ्हाईक पसंत करतं.

पदार्थ टेबलावर येतो, समोरच्या माणसाला न्याहाळतो, थोडी चौकशी करतो. माणूस पटला तर थांबतो, मग त्याला खायचं. नाही पटला तर "कळवतो" म्हणतो आणि वेटर त्याला उचलून परत आत नेतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. परवान्यातच तशी अट आहे आणि परवाना दारात काचेच्या चौकटीत लावलेला आहे. मी तो उभं राहून वाचला. शिक्का खरा होता.

मला खटकत होतं ते वेगळंच. मुलगी बघायला मुलाकडच्या लोकांनी आम्हाला तिथं का बोलावलं?

आमच्या तांबट आळीत मुलगी बघायला लोक घरी येतात. पोहे खातात, भिंतींचे पोपडे बघतात, शेजारणीला खुणेनं विचारतात आणि जातात. तेवढ्यात आपणही त्यांना बघून घेतो. पोहे खाताना माणूस मिरची बाजूला काढतो की बशीखाली लपवतो, त्यावरून मला पुष्कळ कळतं. पण मुलाची आई नलिनीताई निजामपूरकर फोनवर म्हणाल्या होत्या की घरी कशाला त्रास, बाहेरच भेटू. पत्रिका त्या बघत नाहीत. देणंघेणं नको, मानपान नको. मुलगी त्या खानावळीतल्या जेवणाला पसंत पडली की त्यांना पसंत, एवढंच.

पत्रिका नको, देणंघेणं नको, मानपान नको. मग पाहिजे काय? मी फोन ठेवला तेव्हाच ह्यांना म्हटलं, यात काहीतरी आहे. हे म्हणाले, चांगली माणसं दिसतात. ह्यांना सगळीच माणसं चांगली दिसतात, म्हणून तर बघायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे.

रविवारी दुपारी आम्ही तिघं गेलो. मी, हे आणि वृषाली. वृषाली रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. बोलते कमी, पण बोलते ते पुसता येत नाही, त्यामुळे ह्याच्या आधीची दोन स्थळं गेली होती. तिसरं जाऊ नये असं मला वाटत होतं आणि कसलंही पदरात पडू नये असंही वाटत होतं.

आत नुसता कल्लोळ. निळ्या खुर्च्या, चौकड्यांची टेबलपोसं, कोपऱ्यात एक माणूस बुलबुलतरंगासारखं काहीतरी जीव तोडून वाजवत होता. मधल्या जागेत लोक एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओळीनं नाचत होते, आणि नाचता नाचता चांगल्या, न टवकलेल्या ताटल्या जमिनीवर आपटून फोडत होते. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या भांडी ठोकणारं. माझा हात आपोआप छातीवर गेला.

मॅनेजर खैरे म्हणून होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, तलाठी कार्यालयातल्यासारखा सावकाश आवाज. त्यांनी सांगितलं की ज्यांना जेवणानं पसंत केलं ते आनंदानं नाचतात आणि ताटल्या फोडतात, ती सोय आहे. ज्यांना केलं नाही त्यांच्यासाठी पाव आणि पाणी आहे. पाव आणि पाणी यांना पसंतीचा अधिकार नाही, ते कुणालाही मिळतात.

"आणि जबरदस्तीनं खाल्लं तर?" मी विचारलं.

"घशाखाली उतरत नाही," खैरे म्हणाले. "लोकांनी करून बघितलंय."

नलिनीताई आणि मुलगा आधीच येऊन बसले होते. नलिनीताई उंच, नीटनेटक्या, पण गालाची हाडं वर आलेली. मुलगा तन्मय, दिसायला बरा, नोकरी चांगली, वडील नाहीत. त्यानं उठून आम्हाला वाकून नमस्कार केला. कुठं बसणार विचारलं तर म्हणाला, कुठंही चालेल. पंखा लावू का विचारलं तर म्हणाला, लावला तरी चालेल. त्याच्यासमोर पावाची टोपली होती आणि ती अर्धी रिकामी होती. आमची वाट न बघता पाव खाणारा मुलगा. मी मनात टिपून ठेवलं.

आधी किरकोळ पदार्थ आले. दह्यातली काकडी आली, दाण्याचं कूट न घातलेली आपली कोशिंबीरच ती. ती सगळ्यांवरून नजर फिरवून पलीकडच्या टेबलावर निघून गेली. मग द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात आला. तो ह्यांच्यासमोर थांबला आणि त्यानं विचारलं की पान सोलून टाकणार की पानासकट खाणार. हे म्हणाले, पानासकट, सोलायचं कशाला, कुणीतरी बसून गुंडाळलंय ते. भात लगेच थांबला. हे इतके खूश झाले की नाचणाऱ्यांकडे बघत उठायला लागले. मी डोळे वटारले तेव्हा खाली बसले.

माझ्यासमोर डबल बीची भाजी येऊन थांबली. टोमॅटोत शिजवलेली, एकेक दाणा अंगठ्याएवढा. तिनं विचारलं, "आमच्याबद्दल काय मत आहे?"

"खाल्ल्याशिवाय सांगणार नाही," मी म्हटलं. "आणि वाईट असलीस तर तोंडावर सांगेन."

भाजीनं थोडा विचार केला आणि वेटरला खुणेनं सांगितलं, ठेव. मी एक दाणा खाऊन बघितला. शिजली चांगली होती, मीठ कमी होतं. तसं मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

मग मुसाका आला.

मुसाका म्हणजे खाली वांगं, मध्ये खिमा, वर जाड सायीसारखा पांढरा थर, आणि सगळं भट्टीत भाजलेलं. चौकोनी तुकडा, चांगला वजनदार. तो येताना शेजारच्या टेबलावरचे लोक बोलायचे थांबले, तेव्हा मला कळलं की इथं ह्याचं वजन आहे. नलिनीताई सावरून बसल्या. त्यांनी मुसाक्याला नमस्कार केला. मुसाक्यानं तो घेतला नाही. तो सरळ वृषालीसमोर जाऊन थांबला.

"आपलं नाव?" मुसाका म्हणाला.

तिनं सांगितलं. त्यानं शिक्षण विचारलं, काम विचारलं, जेवताना फोन बघता का विचारलं. ती म्हणाली, बघते, एकटी असले तर. मी मध्ये पडून म्हटलं की घरी नाही बघत, मी बघू देत नाही. मुसाका म्हणाला, मुलीला बोलू द्या. त्याचं बरोबर होतं, म्हणून मी गप्प बसले. पण मीही त्याला सोडणार नव्हते. मुलीची एवढी चौकशी करणाऱ्याची आपणही करायची असते. मी विचारलं, तुम्ही मूळचे कुठले?

त्यानं न लाजता सांगितलं. वांगी सासवडकडची, खिमा कॅम्पातला, चीज मात्र आगबोटीनं आलेलं. मसाला कुणी शिकवला ते तो सांगू शकत नव्हता. मी म्हटलं, तुम्ही इतके चोखंदळ, शेवटी खाल्लेच जाता ना? मग एवढं बघायचं कशाला?

"जायचं तर आहेच, बाई," मुसाका म्हणाला. "कुणाकडे जायचं एवढंच आमच्या हातात आहे."

हे ताटाकडे बघत राहिले.

मग मुसाक्यानं वृषालीला शेवटचं विचारलं की पहिला घास कुठून घेणार.

"त्या कोपऱ्यापासून," ती म्हणाली. "तिथं करपलंय. मला करपलेलं आवडतं."

मुसाक्याचा एक कोपरा खरंच काळा झाला होता. त्यानं तो आमच्या दृष्टीआड फिरवून ठेवला होता, पण वृषालीनं बघितला होता. मुसाक्यानं तो कोपरा तिच्याकडे वळवला. मग म्हणाला, बाकीचे तो काढून ताटाच्या कडेला ठेवतात. आणि वेटरला म्हणाला, मला इथं पसंत आहे.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. तो होणार एवढ्यात मी नलिनीताईंकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि इतका लांब श्वास सोडला होता की टेबलावरचा कागदी रुमाल हलला. आपल्या मुलाला मुलगी मिळाली म्हणून कुणी असा श्वास सोडत नाही. पाण्याचा टँकर आला की बायका असा श्वास सोडतात.

पुढचं फार भराभर झालं. नलिनीताईंनी तन्मयची खुर्ची वृषालीच्या खुर्चीला चिकटवली, त्याच्या हातात काटा दिला आणि म्हणाल्या, "घे बाळा, घे आता." आणि तो मुलगा माझ्या मुलीच्या ताटाकडे हात न्यायला लागला.

मी त्याचं मनगट धरलं.

"थांब," मी म्हटलं. "तुझं ताट कुठं आहे?"

त्यानं आईकडे बघितलं. आईनं खैऱ्यांकडे बघितलं. मी मनगट सोडलं नाही. मला उत्तर मिळाल्याशिवाय सोडणार नव्हते आणि माझ्या हातात अजून ताकद आहे. शेवटी खैरे जवळ आले, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि त्यांनी वस्तुस्थिती सांगितली. तन्मय निजामपूरकर लहानपणापासून या ठिकाणी येतात. त्यांना आजपर्यंत एकाही पदार्थानं पसंत केलेलं नाही. नियमात अशी सवलत आहे की नापसंत माणसानं पसंत माणसाच्या ताटातलं खाल्लं तर ते घशाखाली उतरतं, पण ताट जवळच्या माणसाचं पाहिजे. आई चालते. बायको चालते. बोलणी पक्की झाली असली तर होणारी बायकोही चालते.

"आणि आईचं ताट?" मी विचारलं.

खैरे घुटमळले. उत्तर मुसाक्यानं दिलं. म्हणाला, या बाईंना आम्ही वर्षानुवर्षं पसंत केलं. त्यांनी स्वतः कधी दोन घासांच्या वर खाल्लं नाही. सगळं मुलाला. आम्ही ज्याला पसंत करतो त्यानंच आम्हाला खावं असा आमचा आग्रह असतो. दिवाळीपासून आम्ही त्यांच्याकडे थांबणं बंद केलं.

नलिनीताईंच्या गालाची हाडं का वर आली होती ते मला कळलं. पत्रिका का नको होती तेही कळलं. त्यांना सून नको होती, त्यांना ताट पाहिजे होतं.

"इथंच कशाला यायचं मग?" हे म्हणाले. "घरी वरणभात खावा."

तन्मय पहिल्यांदा स्वतःहून बोलला. खाली बघत म्हणाला, "घरी पण आईच्याच ताटातलं खातो, काका. सवय लागली. वेगळं वाढलं तर आता घरीही घशाखाली उतरत नाही."

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला सांगितलं होतं की हे जेवून उठले की त्यांच्याच ताटात बसायचं. ते उष्टं ताट, त्यातला उरलेला भात, कडेला काढलेली फोड. बरीच वर्षं मी तशी जेवले. एक दिवस फळीवरचं वेगळं ताट काढून घेतलं आणि सासूबाई काय म्हणतात त्याची वाट बघत समोर बसले. त्या काही म्हणाल्या नाहीत. माझ्या मुलीच्या वेळेला ते सगळं उलटं फिरून परत येत होतं, आणि काट्याचमच्यानं येत होतं.

मी नलिनीताईंना तोंडावर म्हटलं की तुम्ही आम्हाला फसवून आणलंत. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "आई आहे मी, शालनताई. पोरगा उपाशी मरू देऊ का?" मी म्हटलं, नका देऊ, पण माझ्या पोरीला उपाशी मारू नका. आजूबाजूला लोक नाचत होते आणि आमच्या पायाशी ताटल्यांचे तुकडे येऊन पडत होते.

मग मी मुलाकडे वळले. एवढ्या पदार्थांनी नाही म्हटलं म्हणजे काहीतरी कारण असणार. दारू? नाही. उष्टं टाकतो? टाकायला कधी मिळालंच नव्हतं. मी मुसाक्याला विचारलं, तुम्हीच सांगा, खोट काय आहे ह्याच्यात?

"खोट नाही," मुसाका म्हणाला. "आम्ही विचारतो, मी पाहिजे का? हा म्हणतो, चालेल. आम्ही विचारतो, माझ्याऐवजी दुसरा आला तर? हा म्हणतो, तोही चालेल. अशा माणसाकडे थांबायचं कशासाठी?"

तन्मयचे कान लाल झाले. नलिनीताई म्हणाल्या की त्यांनीच त्याला तशी शिस्त लावली, समोर येईल त्याला नावं ठेवायची नाहीत, काहीही चालेल म्हणायचं, चांगल्या घरातली मुलं तशीच असतात. यात चूक काय ते त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही आधी कळलं नाही. आपणही मुलांना हेच शिकवतो.

मी ठरवलं की आडून आडून बोलण्यात अर्थ नाही. मनगट सोडलं आणि विचारलं, "तन्मय, माझी मुलगी तुला पाहिजे का?"

तो म्हणाला, "चालेल, काकू."

वृषालीनं त्याच्याकडे एकदा बघितलं. रागानं नाही. लॅबमध्ये नळी उजेडासमोर धरून बघते तसं. मग तिनं ताट स्वतःकडे ओढलं, काळ्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि जेवायला लागली.

ती सावकाश जेवली. नलिनीताई तिला खुणा करत होत्या, एखादा घास, निदान चव बघण्यापुरता. ती बघत होती आणि खात होती. खिमा संपला, वांगं संपलं. मुसाका शेवटपर्यंत समाधानी दिसत होता. ताटाला लागलेलं तिनं पावानं पुसून घेतलं आणि तेही खाल्लं. पाणी प्यायली. मी ह्यांना सांगितलं, उठा, निघू या.

आम्ही उठत होतो तेवढ्यात शेजारून एक वेटर ऑक्टोपस घेऊन चालला. अख्खा, निखाऱ्यावर भाजलेला, पाय ताटलीबाहेर लोंबत होते. मला तर बघवेना. तो खिडकीजवळच्या टेबलाकडे निघाला होता. तन्मयनं त्याच्याकडे बघितलं. मग तो उभा राहिला. खुर्ची मागं पडली, तरी त्यानं ती उचलली नाही.

"तो मला पाहिजे," तो म्हणाला.

नलिनीताई म्हणाल्या, "अरे, तो नको, तुला पचायचा नाही." खैरे म्हणाले की तो दुसऱ्या टेबलासाठी रवाना झालेला आहे आणि मधेच वळवण्याची पद्धत नाही.

"मला तिकडं कुणी बोलावलेलं नाही," ऑक्टोपस म्हणाला. "हे नेतायत म्हणून चाललो होतो." त्यानं वेटरला थांबायला सांगितलं आणि तन्मयकडे वळला. "माझ्यातलं काय पाहिजे?"

"पाय."

"किती?"

"सगळे," तन्मय म्हणाला. "आणि लिंबू."

"माझ्याऐवजी दुसरा आला तर?"

तन्मयनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणतो चालेल. नलिनीताईंचेही ओठ हलत होते, त्याच्या वतीनं उत्तर द्यायला. तो म्हणाला, "नाही. हाच पाहिजे. मला फार भूक लागलीय."

ऑक्टोपस टेबलावर उतरला.

तो मुलगा कसा जेवला ते सांगण्यासारखं नाही. काटा बाजूला ठेवला, हातानं खाल्लं, बोटं चाटली. माणूस खरं काय आहे ते खाताना कळतं, म्हणून मी उभी राहून बघत होते. पहिला घास घशाखाली उतरला तेव्हा तो क्षणभर थांबला, घशाला हात लावून बघितला आणि पुन्हा सुरू झाला. वृषालीही बघत होती. मग तिनं खुर्ची ओढली, परत बसली आणि म्हणाली, "एक पाय मला द्या ना."

"नाही," तन्मय तोंडात घास धरून म्हणाला. "हे माझं आहे."

वृषाली हसली. तिचं हसू मी बऱ्याच महिन्यांत बघितलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "मला हा पाहिजे."

मी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, आत्ता नाही म्हणाला ना, त्यावरून. हे म्हणाले, मी म्हटलंच होतं चांगली माणसं आहेत. मी त्यांना गप्प बसायला सांगितलं. माझा संशय गेलेला नव्हता आणि अजून गेलेला नाही. ऑक्टोपस नेमका आमच्याच शेजारून कसा गेला? एवढ्या वर्षांत नाही आणि त्याच दुपारी? मी खैऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, खिडकीकडे जायला दुसरी वाट नाही. मी जाऊन बघितलं. खरंच नव्हती.

मी वृषालीला म्हटलं, ठीक आहे, पण घरात ताटं दोन. तन्मय मान वर न करता म्हणाला, दोनच. त्यानं "चालेल" म्हटलं नाही हे मी ऐकलं. मग तो हात पुसून उठला, वृषालीही उठली, आणि दोघं त्या ओळीत जाऊन उभे राहिले. त्याला नाचता येत नव्हतं. हे त्यांच्यामागून गेले, मला न विचारता.

टेबलावर मी आणि नलिनीताई राहिलो. मुलगा जेवला हे बघून त्या हसत होत्या, पण हातांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. दिवाळीपासून त्यांच्याकडे कुणी थांबलं नव्हतं, आणि पाव सगळा मुलानं संपवला होता. आमच्यात मुलाची आई म्हणजे तोरा, तिला साडी, तिला आधी वाढायचं, तिला आग्रह. इथं आग्रह करायला काही नव्हतंच.

मी खैऱ्यांना हाक मारून विचारलं, विहीण जवळची धरतात का. ते म्हणाले, बोलणी पक्की झाली असतील तर धरायला हरकत नसावी. मी डबल बीला विचारलं. ती म्हणाली, तू आधी अर्धी खा, माझ्या डोळ्यांदेखत, मग उरलेल्याचं बघ. मी अर्धी खाल्ली. मग ताट नलिनीताईंसमोर सरकवलं.

त्यांनी ताटाकडे बघितलं. मुलीच्या आईचं उष्टं. मग एक दाणा उचलला, चावला, गिळला. दुसरा उचलला.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

"मी सांगितलंय तिला," मी म्हटलं. "तुम्ही खा. पोराकडे नाही, माझ्याकडे बघत खा."

त्या माझ्याकडे बघत जेवल्या. मीही नजर काढली नाही.